चौदा हंगाम, पाच सामने: राखीव क्वार्टरबॅक पगार कशाचा घेतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिझुरी विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (चाल सांगणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू) चेस डॅनियल कॉलेजात असताना हाइझमन ट्रॉफीच्या, म्हणजे कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या, मतदानात चौथा आला होता. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, मात्र २००९ ते २०२२ असे चौदा हंगाम काढून त्याने पहिल्या चेंडूपासून खेळलेले सामने भरले फक्त पाच. तरी कमाई चार कोटी डॉलरच्या वर. कॉलेजातला एवढा मोठा तारा बाकावर कसा गेला, आणि बाकावर बसायचे एवढे पैसे कोण देतं? याला नशीब म्हणायचं की चलाखी?

मी अमेरिकेतल्या एका कॉलेज संघाच्या फिल्म विभागात काम करतो. सामन्यांचं चित्रीकरण तुकड्यातुकड्यांनी कापायचं, समोरच्या संघाच्या चाली वेगळ्या काढायच्या आणि क्वार्टरबॅकच्या कोचपुढे ठेवायच्या, हा माझा रोजचा धंदा. राखीव क्वार्टरबॅकचा आठवडा कसा जातो हे मला टीव्हीवर नाही, शेजारच्या खुर्चीवर दिसतं. म्हणून उत्तर जरा लांबेल. (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, हे वेगळं सांगायला नको.)

क्रिकेटवाल्यांना पटकन कळावं म्हणून एवढंच सांगतो: धोनीच्या काळात संघाबरोबर फिरणारा दुसरा यष्टीरक्षक आठवा. जागा एकच आणि ती भरलेली. पण उद्या बोट मोडलं तर त्याच सकाळी उभं राहायचं. क्वार्टरबॅकचं तसंच आहे, फक्त त्याच्या डोक्यात शंभरेक चाली पाठ असाव्या लागतात आणि त्या दर आठवड्याला बदलतात.

डॅनियल साउथलेकचा. डॅलस आणि फोर्टवर्थच्या मधलं हे सधन उपनगर. आसपासच्या अर्व्हिंग, प्लेनो, फ्रिस्को भागात मराठी घरं बरीच आहेत, त्यामुळे शुक्रवारी रात्री तिथे शाळकरी फुटबॉलसाठी स्टेडियम कसं भरतं हे अनेकांनी पाहिलं असेल. कॅरोल हायस्कूलकडून तो दोन हंगाम मुख्य क्वार्टरबॅक होता आणि त्यात एकच सामना हरला, तोही २००३ च्या राज्य अंतिम फेरीत, एका गुणाने. पुढच्या वर्षी त्यांनी राज्य जिंकलं. कोच टॉड डॉज यांनी तिथे 'स्प्रेड' पद्धत रुजवली होती: खेळाडू मैदानभर पसरवायचे, क्वार्टरबॅकने चार-पाच पावलं मागे उभं राहूनच चेंडू घ्यायचा आणि झटपट फेकायचा. मिझुरीत गॅरी पिंकेल यांनीही २००५ पासून तीच वाट धरली होती. म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षापासून बावीसपर्यंत तो जवळजवळ एकाच भाषेत खेळला. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मिझुरीत त्याची पहिली ओळख झाली तीही राखीव म्हणूनच, हे बहुतेक जण विसरतात. २००५ मध्ये आयोवा स्टेटविरुद्ध ब्रॅड स्मिथ जखमी झाला, पहिल्या वर्षाचा डॅनियल आत आला आणि मागे पडलेला सामना त्याने जादा वेळेत नेऊन जिंकून दिला. पुढची तीन वर्षं गादी त्याचीच. २४ नोव्हेंबर २००७ च्या रात्री कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियमवर कॅन्ससशी सामना होता. दोन्ही राज्यांचं वैर यादवी युद्धाच्याही आधीपासूनचं, आणि त्या दिवशी जिंकेल तो देशात पहिल्या क्रमांकावर जाणार होता. डॅनियलने ४९ पास फेकले, ४० झेलले गेले, ३६१ यार्ड, तीन टचडाउन (चेंडू गोलरेषेपार). मिझुरी ३६-२८ ने जिंकलं. आठवड्याने ओक्लाहोमाने ३८-१७ असं जमिनीवर आणलं ते सोडा. त्या हंगामात त्याचे ४,३०६ यार्ड आणि ३३ टचडाउन पास होते.

मग २००९ चा ड्राफ्ट आला, म्हणजे एनएफएल संघांनी कॉलेजातले खेळाडू आळीपाळीने निवडायचा दिवस. सात फेऱ्या, २५६ नावं, त्यांत अकरा क्वार्टरबॅक. पहिलं नाव मॅथ्यू स्टॅफर्ड, तोही डॅलसचाच. डॅनियलचं नाव शेवटपर्यंत आलं नाही.

हे ऐकून लोक चिडतात, पण खेळाडू पारखणाऱ्या स्काउटच्या जागी बसून बघा. उंची सहा फूट. समोर साडेसहा फुटी धिप्पाड माणसांची भिंत, तिच्या पलीकडचं दिसायला हवं. हाताचा जोर बरा, पण अचाट नाही. आणि सगळ्यात मोठी शंका पद्धतीबद्दल. कॉलेजच्या मैदानावर हॅशमार्कच्या (चेंडू ठेवायच्या खुणांच्या) दोन रांगांमध्ये ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. कॉलेजात चेंडू एका कडेला ठेवला की दुसरी बाजू मोकळ्या माळासारखी उघडी पडते, आणि स्प्रेडचे निम्मे पास तिथेच जातात. व्यावसायिक मैदानावर तो माळच नसतो. शिवाय त्या काळच्या स्प्रेडमध्ये क्वार्टरबॅक मैदानाबाहेर बघायचा, कोच हातवारे करायचे आणि चाल कळायची. एनएफएलमध्ये दहा जणांच्या घोळक्यात उभं राहून चाल तोंडाने सांगावी लागते. 'गन ट्रे राइट, टू जेट, फ्लँकर ड्राइव्ह.' यातला पहिला भाग कोण कुठे उभा राहील ते सांगतो, मधला कुणी कुणाला अडवायचं ते, शेवटचा कोण कुठे धावणार ते. ही सोपी चाल झाली. खऱ्या चाली याच्या दुप्पट लांब असतात, आणि त्यात 'हे नाही जमलं तर ते' अशी दुसरी चालही जोडलेली असते. कोचचा आवाज हेल्मेटमधल्या रेडिओवर येतो आणि चाल सुरू करायच्या घड्याळावर पंधरा सेकंद उरले की तो आपोआप बंद होतो. पुढचं सगळं तुमचं तुम्ही.

ज्याने सहा वर्षं एकच भाषा बोलली, त्याला ही दुसरी जमेल का, याची खात्री कुणाला नव्हती. गंमत अशी की पुढे त्याचं पोट चाललं ते याच दुसऱ्या भाषेवर.

वॉशिंग्टनने त्याला ड्राफ्टबाहेरून घेतलं आणि हंगामाच्या तोंडावर सोडलं. न्यू ऑर्लीन्स सेंट्सनी उचललं. तिथे ड्र्यू ब्रीस होता, उंची तीच, सहा फूट. आणि कोच शॉन पेटन, ज्यांना उंचीचं काही वाटत नव्हतं. मधे अनुभवी मार्क ब्रुनेल, डॅनियल तिसरा. त्याच हंगामाअखेर, ७ फेब्रुवारी २०१० ला, सेंट्सनी इंडियानापोलिस कोल्ट्सना ३१-१७ हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. पोराच्या बोटात विजेत्यांची अंगठी आली. पुढची तीन वर्षं त्याने सामन्यात फेकलेले पास हातापायांच्या बोटांवर मोजता येतील, कारण ब्रीस जखमीच व्हायचा नाही. पण त्या खोलीत तो जे शिकला, ते पुढची दहा वर्षं विकत होता.

आता त्या खोलीकडे येतो.

क्वार्टरबॅकच्या खोलीत तीन किंवा चार माणसं असतात: मुख्य, राखीव, कधी तिसरा, आणि कोच. सामना रविवारी असेल तर बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाउनच्या (दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यातला एक म्हणजे डाउन) चाली येतात, गुरुवारी तिसऱ्या डाउनच्या, शुक्रवारी गोलरेषेजवळच्या. मैदानावरच्या सरावात जवळजवळ सगळे स्नॅप, म्हणजे चेंडू हातात घेऊन करायच्या चाली, मुख्य खेळाडूला मिळतात. राखीव त्या वेळी मागे दहा यार्डांवर उभा राहून तीच चाल हातात चेंडू नसताना करतो. पाय तेवढेच मागे टाकतो, मान तशीच फिरवतो. लांबून बघणाऱ्याला वेडेपणा वाटेल. २०११ च्या करारापासून हंगामात पॅड घालून करायचे सराव चौदावर आलेत, त्यामुळे आधीच कमी असलेला त्याचा वाटा आणखी आटला.

सरावाचा दुसरा अर्धा भाग त्याचा असतो, पण तो स्वतःच्या चालींसाठी नाही. आपल्या बचावफळीला सराव व्हावा म्हणून त्याला समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक व्हावं लागतं. याला स्काउट टीम म्हणतात. जाड पुठ्ठ्याच्या कार्डांवर मार्करने समोरच्या संघाची चाल काढलेली असते. ती काढणं माझ्यासारख्यांचं काम. कार्ड वर धरायचं, त्याने तीन सेकंद बघायचं, आणि त्या आठवड्यात जो कुणी समोर असेल त्याच्यासारखं फेकायचं. चांगला राखीव इथे ओळखू येतो. साधा राखीव कार्डावर गोल केलेल्या माणसाकडे बघून फेकतो, कारण चेंडू तिथे जाणार हे कार्डातच लिहिलंय. चांगला राखीव आधी दुसरीकडे बघतो, कारण खरा क्वार्टरबॅकही आधी तिकडेच बघतो, हे त्याने फिल्ममध्ये टिपलेलं असतं. मग आपला सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) सरावातच फसतो आणि रविवारी फसत नाही. या कामाची नोंद कुठल्याही आकडेवारीत होत नाही. बचावाचे कोच मात्र ते विसरत नाहीत, आणि पुढे तेच कोच दुसरीकडे मुख्य कोच होऊन जातात.

रविवारी कानाला हेडसेट, हातात टॅबलेट. दर खेपेनंतर मुख्य खेळाडू घाम पुसत बाकावर येतो तेव्हा राखीवाने फोटो काढून ठेवलेले हवेत: तिसऱ्या डाउनला त्यांचा डावा सेफ्टी खाली उतरतोय, गेल्या वेळी आपण तो पाहिला नाही. हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. जास्त बोलणारा राखीव कुणाला नको असतो. आणि मुख्य खेळाडूच्या जागेवर डोळा ठेवून बसणारा तर खोलीत एक दिवसही टिकत नाही. एरवी हुशार असलेली कितीतरी पोरं इथेच अडकतात. आयुष्यभर तीच पहिली होती, दुसऱ्याला मोठं करायचं मन त्यांच्याकडे नसतं.

डॅनियलचा तिसरा सामना बघा, म्हणजे पैसे कशाचे ते कळेल. २०१८, तो शिकागो बेअर्समध्ये. १८ नोव्हेंबरच्या रविवारी रात्री मुख्य क्वार्टरबॅक मिचेल ट्रुबिस्कीच्या खांद्याला लागलं. पुढचा सामना थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, म्हणजे गुरुवारी दुपारी, डेट्रॉइटमध्ये. मधे धड चार दिवसही नाहीत, अंगाला अंग लावून सराव शून्य, नुसतं चालत चालत चाली बघणं. डॅनियलने त्याआधी पहिल्या चेंडूपासून खेळलेला सामना डिसेंबर २०१४ चा, जवळजवळ चार वर्षांपूर्वीचा. त्याने ३७ पैकी २७ पास पूर्ण केले, २३० यार्ड, दोन टचडाउन, एकही पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला नाही. निर्णायक टचडाउन बचावफळीच्या एडी जॅक्सनने चेंडू पळवून केला हे खरं. पण बेअर्स २३-१६ जिंकले, आणि त्या वर्षी १२-४ अशा कामगिरीने गटात पहिले आले. चार दिवसांत उभा राहून सामना न घालवणारा माणूस. पैसे त्याचे.

दहा दिवसांनी जायंट्सविरुद्ध त्याचा पहिलाच पास पळवला गेला आणि थेट टचडाउन झालं. सामना जादा वेळेत ३०-२७ ने गेला. हेही सांगायला हवं, नाहीतर चित्र फार गोड होईल. ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनला रेडर्सविरुद्ध १७-० ने मागे पडून त्याने आघाडी मिळवून दिली, आणि शेवटच्या क्षणी पुन्हा त्याचाच पास पळवला गेला, २४-२१. राखीव खेळाडूच्या मर्यादा दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यात दिसतात. तोवर समोरच्या कोचच्या हातात त्याची ताजी फिल्म आलेली असते. डेट्रॉइटकडे ती नव्हती.

पाचपैकी उरलेले दोन सामने कॅन्सस सिटी चीफ्सकडून. २०१३ च्या शेवटी संघाचं स्थान ठरलेलं होतं म्हणून मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली, आणि सॅन डिएगोत चार्जर्सविरुद्ध जादा वेळेत ते २७-२४ हरले. निर्धारित वेळेच्या अखेरीस ४१ यार्डांची किक चुकली नसती तर जिंकलेच होते. २०१४ ला ॲलेक्स स्मिथच्या प्लीहेला इजा झाली, डॅनियल आत आला आणि चार्जर्सना १९-७ हरवलं. मैदान कुठलं, तर ॲरोहेड.

पण 'नशीब की चलाखी' याचं खरं उत्तर सामन्यांत सापडत नाही. तो कुणाकुणाबरोबर फिरला ते बघा. सेंट्समध्ये पेटन. मग चीफ्समध्ये अँडी रीड, तीन वर्षांचे एक कोटी डॉलर. रीडचे सहायक डग पेडरसन २०१६ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचे मुख्य कोच झाले आणि त्यांनी त्याला बोलावलं: तीन वर्षं, २ कोटी १० लाख, त्यातले १ कोटी २० लाख हमीचे. पुन्हा सेंट्स, पुन्हा पेटन. चीफ्समध्ये त्याचे क्वार्टरबॅक कोच असलेले मॅट नॅगी शिकागोचे मुख्य कोच झाले, तिथे दोन वर्षांचे एक कोटी. डेट्रॉइटचं एक वर्ष या साखळीबाहेरचं. शेवटी चार्जर्स, कारण तिथले आक्रमणाचे प्रमुख जो लोम्बार्डी त्याला सेंट्सपासून ओळखत होते. (सुपर बोलचा चषक ज्यांच्या नावाचा, त्या विन्स लोम्बार्डींचे हे नातू.)

नवा कोच नव्या गावी जातो तेव्हा त्याला त्याची परिभाषा आधीपासून येणारा एक माणूस लागतो. पंचवीस वर्षांचा तरुण क्वार्टरबॅक रात्री नऊला फोन करून 'हे जेट आणि ते जेट यात फरक काय' असं कोचला विचारायला लाजतो, राखीवाला विचारतो. कोच हजार गोष्टींत अडकलेला असताना खोलीत तर्जुमा करणारा बसलेला असतो. शिकागोत ट्रुबिस्कीसाठी, चार्जर्समध्ये जस्टिन हर्बर्टसाठी हे काम होतं. तुम्ही याला चलाखी म्हणत असाल तर म्हणा, मी याला कसब म्हणेन.

नशीबही आहेच, आणि ते ईगल्सच्या प्रकरणात स्पष्ट दिसतं. तो गेला तेव्हा तिथे सॅम ब्रॅडफर्ड होता, मग ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर कार्सन वेंट्झ आला, मग ब्रॅडफर्डला मिनेसोटाला विकलं आणि नवख्या वेंट्झलाच थेट उभं केलं. त्या अख्ख्या हंगामात डॅनियलने पास फेकला एक. तो झेलला गेला, सोळा यार्ड. पुढच्या मार्चमध्ये ईगल्सनी निक फोल्सला परत आणलं आणि डॅनियलला सोडलं. डिसेंबरमध्ये वेंट्झचा गुडघा गेला, फोल्स आत आला, ४ फेब्रुवारी २०१८ ला पेट्रियट्सना ४१-३३ हरवलं आणि सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एका वर्षाच्या फरकाने ती खुर्ची डॅनियलची होती. त्याने तेच केलं असतं का? मला नाही वाटत. फोल्सचा लांब पास वेगळ्या जातीचा होता. पण खुर्ची तीच होती.

आता 'तारा बाकावर कसा गेला' याबद्दल. २००७ च्या हाइझमनचे पहिले चार बघा. पहिला टिम टिबो, दुसरा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) डॅरेन मॅकफॅडन, तिसरा हवाईचा कोल्ट ब्रेनन, चौथा डॅनियल. टिबो २०१० मध्ये पहिल्या फेरीत निवडला गेला, एक प्लेऑफ सामना गाजवला, आणि २०१२ नंतर नियमित हंगामात परत दिसला नाही. ब्रेनन सहाव्या फेरीत गेला, त्याला नियमित हंगामातला एकही सामना मिळाला नाही. तिघा क्वार्टरबॅकांत सगळ्यात जास्त टिकला तो कुणीही न निवडलेला. कॉलेजातली मतं लोक आकड्यांना देतात. मी एखाद्या कॉलेज क्वार्टरबॅकची फिल्म बघतो तेव्हा त्याचे टचडाउन मी पुढे ढकलतो. ठरलेली चाल फसली, डावीकडचा माणूस पडला, तेव्हा त्याची नजर किती वेळात दुसऱ्या, तिसऱ्या पर्यायाकडे गेली ते बघतो. चेंडू फेकून दिला तर योग्य जागी फेकला का ते बघतो. डॅनियलची ती बाजू पहिल्यापासून भक्कम होती, जोर मात्र तेवढाच राहिला. भक्कम बाजूने त्याला चौदा वर्षं दिली, जोराने पाच सामने.

पैशांचं म्हणाल तर ते दिसतात त्यापेक्षा साधे असतात. २०२४ मध्ये सात किंवा त्याहून जास्त वर्षं अनुभवाच्या खेळाडूचा किमान पगारच १२ लाख १० हजार डॉलर होता. मुख्य क्वार्टरबॅक पडला की कोट्यवधींचा हंगाम बुडतो, त्यावरचा हा विम्याचा हप्ता आहे. जानेवारी २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉक पर्डी आणि त्याच्या जागी आलेला जॉश जॉन्सन एकाच सामन्यात जखमी झाले आणि सुपर बोलच्या दारात संघाकडे पास फेकायला माणूस उरला नाही. त्यानंतर लीगने तिसऱ्या, आणीबाणीच्या क्वार्टरबॅकचा नियम परत आणला. जॉन्सन स्वतः चौदा संघांतून फिरलेला. त्याच्याबद्दल असं लांब उत्तर कुणी मागत नाही.

उलटं उदाहरणही आहे. मॅट कॅसल सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात कार्सन पामर आणि मॅट लाइनार्ट या दोन हाइझमन विजेत्यांच्या मागे बसला. कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून पहिल्या चेंडूपासून एकही सामना नाही. तरी पेट्रियट्सनी २००५ मध्ये सातव्या फेरीत घेतला, आणि २००८ मध्ये टॉम ब्रेडीचा गुडघा पहिल्याच सामन्यात गेल्यावर त्याच्या हाताखाली संघ अकरा सामने जिंकला. त्याला घडवलं बाकाने.

अशी माणसं यापुढे कमी निघतील असं मला वाटतं. २०१८ पासून कॉलेजात ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आहे, २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव वापरू देण्याचे पैसे घेता येतात, आणि २०२४ पासून कॉलेजच्या हेल्मेटमध्येही रेडिओ आलाय, त्यामुळे भाषेची ती दरी बरीच बुजेल. ती चांगली गोष्ट आहे. पण दुसऱ्या क्रमांकाचा पोरगा आता वाट बघत नाही. आमच्याच खोलीतून दरवर्षी कुणी ना कुणी जातं, डिसेंबर उजाडला की फोन सुरू होतात. कॅसल आज असता तर दुसऱ्या वर्षीच पोर्टलमध्ये नाव टाकून कुठल्यातरी लहान विद्यापीठात मुख्य झाला असता, आणि ड्राफ्टच्या दिवशी त्याची फिल्म बघून कुणीतरी म्हणालं असतं, बरा आहे, पण सातव्या फेरीइतका नाही.